वाळवंटातली प्रदक्षिणा



'अमेरिकेत काय पाहिलेत ते सांगा,' असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. तिथल्या उंच इमारतींची नि मोठमोठ्या दुकानांची वर्णने तुम्ही पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत माझी भर नको. मी एका सकाळची हकीकत सांगते. तीत माझी फजिती आहे, तेव्हा ती तुम्हांला आवडेल अशी खात्री आहे.

माझा मुलगा-सून ॲरिझोना राज्यात टूसॉन येथे राहतात. गावाच्या पश्चिमेला उघडेबोडके, काटेरी डोंगर आहेत. त्यांतला बराच भाग सवारो नावाच्या राष्ट्रीय उद्यानात येतो. १९६१ साली तो राखीव झाला आणि १९९४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सवारो म्हणजे तिथले प्रचंड निवडुंग. चैत्रातल्या एका रविवारी सूनबाई म्हणाली, "आई, उद्या सुट्टी घेते. किंग कॅन्यनच्या घळीतून वर जाऊ आणि तांब्याच्या जुन्या खाणीवरून उतरून गाडीपाशी परत येऊ. चारएक किलोमीटरची फेरी आहे. फार अवघड नाही."

मी जेजुरीचा गड चढलेली बाई. चार किलोमीटरांचे मला काय!

सकाळी हवा गार होती. घळीच्या वाळूतून चालताना दोन्ही अंगांना सवारो उभे. हा निवडुंग पहिल्या आठ वर्षांत जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा होतो; हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात, आणि आयुष्य दीडदोनशे वर्षांचे. अंगाला वरपासून खालपर्यंत चुण्या असतात, अगदी आपल्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या. पाऊस पडला की तो पाणी पिऊन फुगतो आणि निऱ्या उलगडतात. मग महिनोन् महिने त्यावर काढतो. रोपटे असताना तो पालो वर्दे नावाच्या हिरव्या खोडाच्या झाडाखाली सावलीला वाढतो. मोठा झाला की मुळांशी येणारे पाणी तोच ओढून घेतो आणि पुष्कळदा ते सांभाळणारे झाड वाळते. (ही गोष्ट सुनेने सांगितली. मी काही बोलले नाही.) तिथल्या तोहोनो ओओदाम लोकांच्या बायका जूनमध्ये या निवडुंगाची फळे काढतात, त्या वाळलेल्या सवारोच्याच लांब काठ्यांनी. आपण आकडीने शेवगा काढतो ना, तसेच. फळांचा पाक करतात.

आता फजितीकडे वळते. आपण बायका प्रवासाला निघालो की पाणी पीत नाही. का, ते इथे सांगायला नको. एसटीने गावाला जायचे तर आदल्या रात्रीपासून घसा कोरडा ठेवायचा, हे आईने मला शिकवले, मी मुलीला शिकवले. इथे तर झाडाआड जावे म्हटले तर झाडाला आड नाही! सुनेने तासाला एक लिटर या हिशेबाने पाणी भरून दिले होते. ती थांबून प्यायली की मी बाटली ओठाला लावायची, आणि घोट घ्यायचा नाही.

मॅम-अ-गा नावाच्या जागी पोचलो. तिथे १९३० च्या मंदीत सरकारने बेकार तरुणांकडून बांधून घेतलेले दगडी आडोसे आहेत. जवळच ओढ्याकाठच्या खडकांवर होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली चक्रे नि जनावरे आहेत. सून ती मला दाखवत होती, आणि चक्रे फिरू लागली. माझे डोके ठणकत होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. घाम म्हणाल तर टिपूसही दिसेना. आपल्या ठाण्यात घाम निथळतो म्हणून कळते तरी. त्या कोरड्या हवेत तो फुटतो आणि तिथल्या तिथे उडून जातो.

"आई, बाटली दाखवा बघू."

बाटली भरलेली होती. सून माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "पाणी बाटलीत राखून काय उपयोग? ते पोटात पाहिजे! वय झाले की तहानसुद्धा उशिरा लागते, ठाऊक आहे ना?" मला खरे कारण सांगावे लागले. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "अहो, हे निघतानाच सांगायचे नाही का?"

तिने मला आडोशात बसवले, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजले. पुढची वाट लांब, चढाची, बिनसावलीची. मागची थोडकी नि उताराची. मी म्हटले, प्रदक्षिणा अर्धी सोडू नये. ती म्हणाली, "ही देवाची नाही." आम्ही आल्या वाटेने परतलो. मला ते फार लागले, दोन दिवस धड बोलले नाही.

दहा दिवसांनी तीच म्हणाली, "चला." या वेळी तिने पिशवीत एक मोठी काळी छत्री घेतली होती. ऊन अजून कोवळे होते. मी विचारले, ही कशाला? ती म्हणाली, "आडोसा." वाटेत तिचा दोनदा उपयोग झाला. सून पाठ करून उभी राहिली आणि मोठमोठ्याने मला पक्ष्यांची नावे सांगत होती.

पालो वर्दे पिवळ्या फुलांनी भरले होते. खाणीपाशी उपसलेल्या दगडमातीचे ढीग होते, त्यापलीकडे सगळी दरी दिसत होती. उतरून गाडीपाशी आलो तेव्हा सुनेने हात पुढे केला. मी बाटली उलटी करून दाखवली. चार थेंब पडले, ते तिथल्या मातीने लगेच पिऊन टाकले.