ताळा बॅकअपचाही घ्या



जिल्ह्यातल्या करसल्लागार आणि लेखापालांच्या या व्यासपीठावरून अध्यक्षानं कराच्या दरांवर बोलायची प्रथा आहे. आज ती मोडून एवढंच विचारतो, की अशिलांच्या ज्या आकड्यांवर आपलं पोट चालतं, ते उद्या सकाळी जागेवर असतील ना?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. दुकानातला संगणक बहुधा तळमजल्यावर, गल्ल्याशेजारी असतो आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. पाणी दोघांना एकदमच गाठतं.

पाणी निदान येताना दिसतं. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या व्हायरसनं मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे जगभरातले संगणक बंद पाडले. आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कंपनीचं जाळं सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या प्रती देशोदेशी होत्या, पण सगळ्या एकमेकांना जोडलेल्या. त्या एकजात पुसल्या गेल्या. वाचली फक्त घानातली, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती! आपल्याकडे वीज रोज जाते, पण तिच्या भरवशावर धंदा चालवता येत नाही.

अशील सांगतो, ‘साहेब, सगळं आपोआप क्लाउडवर चढतं.’ चढतं ना, पण इथे फाइल खराब झाली की खराब फाइलही तितक्याच तत्परतेनं चढते. म्हणून जुन्या तारखांच्या प्रती राखणारी सोय आहे का, हे आधी विचारा. बाकी नियम जुनाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. मी त्यात एवढीच भर घालतो, की एक प्रत काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवा. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. एवढी वर्षं एकाच पेन ड्राइव्हवर कोण काढणार?

पण खरी मेख पुढेच आहे. ‘बॅकअप घेतला का?’ हे आपण विचारतो. ‘उघडून पाहिला का?’ हे कुणी विचारत नाही. फोल्डरमध्ये रोजच्या तारखेची फाइल दिसते आणि आपण निश्चिंत होतो. ती फाइल दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करा. शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक पाहा, बँकेची शिल्लक पाहा, तेरीज जुळते का पाहा. रुपयाचा फरक शोधायला रात्र जागवणारे आपण, या एका बाबतीत मात्र ताळा न घेताच सही ठोकतो.

म्हणून भाषणाऐवजी ठरावच मांडतो. दर महिन्याला 20 तारखेचं जीएसटीचं 3बी विवरणपत्र भरून झालं, की प्रत्येक सभासदानं निदान एका अशिलाचा बॅकअप रिस्टोअर करून पाहावा, अशिलासमोर पाहावा आणि तारीख नोंदवहीत लिहावी. हे काम ज्याचं, त्याचं नावही तिथेच लिहावं. कारण सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. त्याची रीतसर फी लावा, अशील देईल. पुढच्या अधिवेशनात अहवालाआधी या नोंदवह्या टेबलावर याव्यात, अशी सूचना करतो आणि अनुमोदनाची वाट पाहतो.