पाटीवरचे धाडस



श्रीनिवास रामानुजन गणिताखेरीज अन्य विषयांत मागे पडले आणि कुंभकोणमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गमावून बसले. तरीही अंतःस्फूर्तीवरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. कागद महाग, म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने पुसत आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवीत. १९१३ साली केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना त्यांनी पत्र धाडले. त्यातील मूळ संख्यांविषयीची काही विधाने चुकीची ठरली; अनेक सूत्रे मात्र अपूर्व होती. मनातील टीकाकाराला प्रथम बोलू दिले असते, तर ते पत्र लिहिलेच गेले नसते. स्फूर्ती आधी, परीक्षण नंतर, हाच क्रम योग्य. मुलांच्या आणि आपल्याही हाती अशी पाटी असावी, जिच्यावर चुकण्याची लाज वाटत नाही.