दुसरी कला आणि तिसरे आठ तास



या मालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळवला तो 'लेखणीबरोबर आणखी एक कला सांभाळणारे लेखक'. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, पाळी सुटल्यावर. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु माणसाने एकच काम करावे की दोन करावीत, आणि हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

दोन कलांच्या मागे लागणाऱ्याला आपल्याकडे एक म्हण ऐकवली जाते : एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हण खोटी नाही. परंतु ती बहुधा कोण कोणाला ऐकवतो, हेही पाहिले पाहिजे. कारखान्यात माणूस ज्या यंत्रावर बसवला तेवढाच तो मोजला जातो. लेथवरचा माणूस म्हणजे लेथ. साहित्याच्या बाजारातही हीच रीत दिसते. कवीने कविता लिहावी. त्याने चित्र काढले तर तो छंद, गाणे म्हटले तर ती मौज. या मोजमापात काही माणसे बसत नाहीत. त्यांपैकी तिघांविषयी सांगतो.

पहिला विल्यम ब्लेक. 1757 साली लंडनमध्ये एका मोजे विकणाऱ्या दुकानदाराच्या घरी जन्मला. 1772 मध्ये त्याला जेम्स बेसायर नावाच्या खोदकाम करणाऱ्या कारागिराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवले. सात वर्षे ! आमच्यातल्या टूलरूमच्या लोकांना याचा अर्थ सांगायला नको. पुढे 1789 मध्ये त्याने आपली बालगीते छापली, तीही स्वतःच. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवाने अक्षरे आणि चित्रे एकत्र काढायची, अक्षरे उलटी लिहायची, मग बाकीचा पत्रा आम्लाने खाऊ द्यायचा, उरलेल्या उंचवट्यावरून छाप घ्यायचे आणि पानन् पान हाताने रंगवायचे. या कामी त्याची बायको कॅथरिन त्याच्याबरोबर राबत असे. प्रती निघाल्या मोजक्या. आता सांगा, या माणसाची पहिली कला कोणती आणि दुसरी कोणती ? पोट भरत होते खोदकामावर, नाव राहिले कवितेवर, आणि पत्र्यावर दोन्ही एकाच हाताने उतरत होती. हात आणि डोके यांची फारकत ही कारखानदारीची सोय आहे, निसर्गाचा नियम नव्हे.

दुसरे रवींद्रनाथ. त्यांच्या घरी अन्नाची विवंचना नव्हती, म्हणून आमची मंडळी म्हणतील, त्यांना काय, वेळच वेळ. पण बघा. 1924 मध्ये, आर्जेन्टिनात मुक्काम असताना, 'पूरबी'च्या कवितांच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळींना ते रेघांनी जोडू लागले. खाडाखोडीतून पक्षी निघाले, विचित्र जनावरे निघाली. ज्या जागी शब्द फसला त्याच जागी चित्र उगवले. 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा वय एकोणसत्तर. 1913 सालीच नोबेल पारितोषिक मिळालेला माणूस म्हातारपणी पुन्हा शिकाऊ उमेदवार झाला आणि 1941 मध्ये जाईपर्यंत दोन हजारांहून अधिक चित्रे करून गेला. आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. शब्दांचा एवढा सम्राट, पण आपल्या चित्रांना नावे देण्यास तो तयार नसे. चित्राने आपले आपण बोलावे. दुसरी कला ही पहिलीची मोलकरीण नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखवले.

तिसरा आमच्या घरचा : अण्णा भाऊ साठे. 1920 साली वाटेगावी जन्म, शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईला येऊन गिरणीत राबले. 1944 मध्ये अमर शेख आणि दत्ता गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडा, लावणी, तमाशा. आणि तमाशातल्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन. दुसऱ्या हाताने कथा आणि कादंबऱ्या. 1959 मध्ये 'फकिरा' आली आणि 1961 मध्ये तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. आजही कोणी त्यांना नुसते शाहीर म्हणतात, कोणी नुसते कादंबरीकार. आम्ही म्हणतो, एक वजा केला तर दुसरा कळत नाही. पोवाडा मैदानात एकदाच ऐकायचा असतो. डफ वाजतो, झीलकरी सूर धरतात, मागच्या रांगेतल्या हमालाला पहिल्या खेपेस कळले नाही तर पान उलटून पुन्हा वाचायची सोय नाही. या शाळेत तयार झालेली वाक्ये 'फकिरा'त जागोजाग भेटतात : आखूड, धावती, थेट. उलट पोवाड्यात जे मावत नाही, म्हणजे एकट्या माणसाची भूक, आईची धास्ती, रात्रीची शांतता, ते सांगायला त्यांना कागद लागला. एक कला गर्दीशी बोलायला, दुसरी एकट्याशी. आयुष्याची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत काढून 1969 मध्ये ते गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. सवड होती म्हणून त्यांनी दोन कला केल्या, असे म्हणायची कोणाची छाती आहे ?

मग दोन कला करणारा प्रत्येक जण थोर काय ? नव्हे. आमची कसोटी साधी आहे : त्या दुसऱ्या कलेची उमेदवारी त्याने केली आहे काय ? ब्लेकने सात वर्षे दिली, रवींद्रनाथांनी दोन हजार चित्रांतून ती फेडली, अण्णा भाऊंनी ती गावोगावच्या फडांवर केली. पहिल्या कलेतली कीर्ती दुसरीत वटवू पाहणाऱ्याला मात्र ती जुनी म्हण खुशाल ऐकवावी.

आमच्या युनियनमध्ये एक फिटर आहे. तो गोष्टी लिहितो आणि ढोलकीही वाजवतो. सभेला गर्दी जमवायची म्हटली की सगळ्यांना त्याची ढोलकी आठवते. गोष्ट वाचून दाखवू का म्हटले की घड्याळे बघतात. एकदा त्याने विचारले, "दादा, दोन्हींतले एक सोडू का ? दोन्हींना वेळ पुरत नाही." आम्ही म्हटले, "सोडायचे ते कलेतले कशाला ? तुझा ओव्हरटाइम आधी मोजू."

कारण खरी अडचण कलांच्या भांडणाची नाही, तासांची आहे. 1 मे 1886 रोजी अमेरिकेतले कामगार संपावर गेले ते आठ तासांच्या दिवसासाठी. आठ तास काम, आठ तास झोप, आणि उरलेले आठ तास आपले, ही जगभरच्या कामगारांची मागणी. आमच्या देशात 1948 च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. पहिल्या आठ तासांच्या मजुरीवर आम्ही पुष्कळ भांडलो. दुसरे आठ तास शरीर आपले आपण वसूल करते. तिसरे आठ तास कशासाठी मागितले होते, याची मात्र क्वचितच चर्चा होते. आज कंत्राटी पोराची बारा तासांची पाळी आणि वर गाडीचा प्रवास धरला तर तिसरे आठ तास कागदावरही उरत नाहीत. मग लेखणी कुठली आणि ढोलकी कुठली !

म्हणून साहित्यिकांना आमची विनंती आहे. कामगारांतून लेखक का निघत नाहीत, असा प्रश्न आपण अधूनमधून परिसंवादात विचारता. तो विचारताना कामाच्या तासांचाही प्रश्न विचारा आणि त्या लढ्यात आमच्या शेजारी उभे राहा. आणि आमच्या कामगार बांधवांना एवढेच सांगतो : पगाराच्या मागणीपत्रात वेळेची मागणी खालच्या ओळीत ढकलू नका. जो वेळ मिळेल त्यात एक कला धरा, जमली तर दोन धरा, आणि जी धराल तिची उमेदवारी पुरी करा.