टिंग वाजली की आधी नाव वाचा



फोन टिंग करतो आणि पडद्याच्या वरून एक पट्टी खाली उतरते. ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले.’ ती बाजूला सारली की दुसरी येते, ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलं.’ तिसरी म्हणते, ‘तुमचा हप्ता थांबला आहे, लगेच केवायसी करा.’ आणि मधूनच एखादं असं चित्र येतं की चारचौघांत फोन उलटा ठेवावा लागतो. लोणार तालुक्यात गटांच्या बैठकांना फिरताना आम्हाला हे इतक्या फोनांत दिसलं, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं. ‘ताई, हे काय येऊन राहिलं पहा बरं,’ म्हणून बाया फोन पुढे करतात. फोन हॅक झाला, हीच सगळ्यांची पहिली शंका. बहुतेक वेळा तसं काही नसतं.

होतं ते असं. सोयाबीनचा भाव पाहायला, बारावीचा निकाल पाहायला, मालिकेचा राहिलेला भाग पाहायला आपण क्रोम उघडतो. क्रोम म्हणजे ते लाल, पिवळं, हिरवं गोल चिन्ह, मध्ये निळा ठिपका. त्यात एखादं पान उघडलं की चौकट येते, ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. खाली दोन बटणं असतात. एक ‘अलाऊ’ किंवा ‘अनुमती द्या’, दुसरं ‘ब्लॉक’. आपल्याला घाई असते, चौकट आड येते, आपण हाताला येईल ते दाबतो. झालं! त्या पानाला आपल्या पडद्यावर केव्हाही चिठ्ठी टाकायची मुभा मिळाली. मग ते पान बंद करा, क्रोमसुद्धा बंद करा, चिठ्ठ्या येतच राहतात. क्रोममध्ये ही सोय २०१५ साली आली, तेव्हा ती कामाच्या सूचना वेळेवर मिळाव्यात म्हणून होती. पुढे जाहिरातवाले आणि भामटे दोघांनीही तिचा फायदा उचलला. काही पानं तर सरळ खोटं बोलतात. ‘व्हिडिओ सुरू करायला अलाऊ दाबा’, ‘तुम्ही यंत्र नाही, माणूस आहात हे दाखवायला अलाऊ दाबा’. व्हिडिओ पाहायला अशी परवानगी कधीच लागत नाही.

सगळीच पानं वाईट असतात असं मात्र नाही. जून २०२० मध्ये आपल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, हे पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने नंतर सांगितलं. आपलंच तळं फोनवर पाहायला तेव्हा आपण किती बातम्यांची पानं उघडली असतील! त्यातली चांगली चांगली पानंही सूचनांची परवानगी मागतात. बातमी वाचायला ती देण्याची काही गरज नसते. ‘ब्लॉक’ दाबलं तरी बातमी वाचता येते.

आता हे थांबवायला लोक काय काय करतात ते सांगतो. कुणी सिम बदलतं. पण या सूचना आपल्या नंबरवर येत नाहीत, त्या क्रोममधून येतात, त्यामुळे सिम बदलून काही होत नाही. १९०९ वर डीएनडी लावूनही नाही, कारण ते फक्त जाहिरातीचे फोन आणि एसएमएस यांच्यासाठी आहे. हिस्ट्री पुसून टाकली तरी दिलेली परवानगी तशीच राहते. काही जणी फोन घेऊन दुकानात गेल्या, तिथे पैसे देऊन फोन फॉरमॅट करून आल्या. सूचना गेल्या खऱ्या, पण त्यांच्यासोबत गटाच्या बैठकांचे फोटो आणि लेकराचे फोटोही गेले.

याहून मोठं नुकसान आम्ही पाहिलं ते एका घरात. नाव गाव सांगत नाही. भरतीची तयारी करणारी मुलगी, घरात फोन एकच. एका संध्याकाळी वडिलांच्या हातात फोन असताना तसली घाणेरडी पट्टी उतरली. ‘हे कोण पाहत होतं?’ पोरीवरच आळ आला. फोन बंद, क्लासची लिंक बंद, बाहेर जाणंही बंद व्हायची वेळ आली. तिच्या आईने आम्हाला बोलावलं. आम्ही वडिलांच्या समोरच क्रोममधली यादी उघडली. परवानगी मिळालेल्या कितीतरी साइट निघाल्या, नावं वाचताही येऊ नयेत अशी. त्याच फोनवर भाऊ क्रिकेटचा सामना पाहायचा, वडील भाव पाहायचे, मुलगी अभ्यास करायची. कुणाचं बोट कुठे लागलं ते कळलं नाही आणि आम्हीही शोधत बसलो नाही. वडिलांना एवढंच दाखवलं, की असं चित्र यायला तसलं काही पाहावं लागतंच असं नाही. सामन्याच्या एखाद्या फुकट्या पानावर एकदा ‘अलाऊ’ दाबलं तरी पुरतं. फोन त्याच रात्री मुलीकडे परत आला.

दुसरी भीती पैशांची. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा बनावट साइटपासून सावध राहा असं सरकारला सांगावं लागलं. ‘१५०० रुपये अडकले’ अशी पट्टी आली की आपला जीव खालीवर होतो आणि बोट आपोआप पडद्यावर जातं. जाऊ देऊ नका. योजनेचं काम पट्टीवरून करायचंच नाही. आपण स्वतः क्रोम उघडायचं आणि सरकारी साइटचा पत्ता टाकायचा. या योजनेच्या साइटचं नाव ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असं संपतं. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा पत्ता घ्यायला लावला आहे. नावाचा शेवट वाचायची सवय लावून घ्या, सुरुवात कुणीही काहीही लिहू शकतं. एवढं करूनही कुणी फसलंच, तर लाज बाळगत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता थांबवायचं कसं ते. फोन हातात घ्या. पट्टी आली की तिच्यावर बोट मारायचं नाही. बारीक अक्षरात ‘क्रोम’ आणि शेजारी साइटचं नाव असतं, ते वाचायचं. पट्टीच्या कडेच्या छोट्या बाणावर दाबलं की ती उघडते, आणि खाली ‘साइट सेटिंग्ज’ किंवा ‘अनसबस्क्राइब’ दिसतं. तिथूनच ती साइट बंद करता येते.

पट्टी निघून गेली असेल तर क्रोम उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, मराठीत ठेवलं असेल तर सूचना. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. एकेक उघडायची आणि ब्लॉक करायची. त्याच ठिकाणी वर एक बटण असतं, ते बंद केलं की नवीन साइट विचारायलाच येत नाहीत. पण आधी ज्यांना परवानगी दिली त्या या बटणाने जात नाहीत, त्या हातानेच काढाव्या लागतात. हे न कळल्यामुळे बऱ्याच जणी म्हणतात, बटण बंद केलं तरी येऊन राहिलं. ग्रामसंघाच्या कार्यालयात कॉम्प्युटर असेल तर तिथेही हीच वाट, फक्त सेटिंग्जमध्ये आधी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडावं लागतं.

पट्टीवर क्रोमऐवजी दुसऱ्याच ॲपचं नाव असेल, तर दोष त्या ॲपचा. झटपट कर्ज देणारं असलं काही फोनमध्ये असेल तर सूचना बंद करण्यापेक्षा ॲपच काढून टाका. कर्जाला आपला गट आहे की! आणि यादीत एखादी साइट तुम्हाला खरंच हवी असेल, समजा भावाची, तर ती राहू द्या. ती रोज उघडून पाहता का, एवढं मात्र स्वतःला विचारा.

पुढच्या महिन्यात प्रत्येक बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास आम्ही याच कामाला ठेवला आहे. फोन चार्ज करून आणा. ज्यांच्या घरी फोन एकच आहे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि घरातलं कुणी सोबत यायचं म्हणत असेल तर त्यांनाही घेऊन या.