पोराचा उत्पादन खर्च



मघापासून या मंचावरून सरकारला शिव्या घालून झाल्या. मी शिव्या देणार नाही, हिशेब मांडणार आहे. कापसाचा नाही, ज्वारीचाही नाही. माणसाच्या पोराचा.

हिशेब माझा नव्हे. १७२९ साली डब्लिन शहरात जोनाथन स्विफ्ट या धर्मगुरूने नाव न घालता एक चोपडं छापलं. आयर्लंडवर तेव्हा इंग्लंडचा अंमल. बरेच जमीनदार इंग्लंडात बसून खंड खात. १६६७ च्या कायद्याने आयरिश गुरांना इंग्लंडचा बाजार बंद केला होता. १६९९ च्या कायद्याने लोकरी कापड इंग्लंडखेरीज कुठे पाठवायची सोय उरली नव्हती. त्यात ओळीने पिकं बुडाली. कुळं बायकापोरांसह भीक मागत फिरत होती.

चोपड्यातला शहाणा यावर तोडगा काढतो. गरिबाचं पोर वर्षभर पोसायचा खर्च, अंगावरच्या चिंध्या धरून, दोन शिलिंग. वर्षाचं गुटगुटीत पोर श्रीमंताच्या ताटासाठी दहा शिलिंगांना जाईल. आईला निव्वळ नफा आठ शिलिंग! वर्षाला १,२०,००० पोरं. २०,००० पैदाशीला राखायची, १,००,००० विकायची. जमीनदारांनी आईबाप आधीच खाल्लेत, तेव्हा पोरांवर पहिला हक्क त्यांचाच.

लिहिणारा कुठे हसत नाही, हे ध्यानात घ्या. टोमणा आपण आपल्या बाजूला उभं राहून मारतो. उपरोध करणारा लुटणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो, त्याच्याच भाषेत बोलतो. माणसांची पैशात किंमत काढणारे पंडित त्या देशात होतेच, विल्यम पेटी त्यातला मोठा. स्विफ्टने त्यांचीच वही उचलली आणि बेरीज शेवटपर्यंत नेली.

शेतकीची पदवी घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा ज्वारीच्या खर्चाचे तक्ते भरायचो. घरच्या बाईची निंदणी, शून्य. रात्रीची जागल, शून्य. तक्ता बिनचूक, साहेब खूश. पुढे हे चोपडं हाती आलं आणि ते तक्ते आठवून मला घाम फुटला.

खरी मेख शेवटाकडे आहे. तो म्हणतो, दुसरे उपाय मला सांगूच नका: परमुलखात बसलेल्या जमीनदारांवर कर, आपल्याच देशात विणलेलं कापड, कुळांवर थोडी दया. आता हे उपाय कुणाचे? खुद्द स्विफ्टचे! १७२० साली त्याने देशी मालाच्या बाजूने सरळ लिहिलं, तर छापखानेवाल्यावर खटला भरला गेला. नऊ वर्षांनी त्याने तीच मागणी ‘नको’ म्हणून लिहिली, आणि ती आजही वाचली जाते.

यात माझा काडीचा स्वार्थ नाही, असंही चोपड्यातला शहाणा जाता जाता सांगतो. त्याचं धाकटं पोर नऊ वर्षांचं आहे, बायकोचं बाळंतपणाचं वय उलटलं आहे. विकायला त्याच्या घरी काही नाही.