आयनवाहिनी की आयनद्वार?



मी पेशीशास्त्र शिकवतो, त्यामुळे परिभाषेची अडचण मला वर्गात रोज भेटते. आज एकाच शब्दाविषयी बोलतो.

लिम्फोमा म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग. उंदराच्या लिम्फोमापासून वाढवलेल्या ईएल-४ या पेशी प्रयोगशाळांत फार वापरल्या जातात. योग्य उत्तेजन मिळाले की त्या इंटरल्यूकिन-२ सोडतात. इतर लसीकापेशींना ‘वाढा’ असे सांगणारा हा निरोप्या.

टी-पेशींत हा निरोप सुटतो कसा? आवरणातून कॅल्शियम आत शिरते आणि कॅल्सिन्युरिन जागे होते. ते एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते, मग एनफॅट केंद्रकात जाऊन इंटरल्यूकिनचे जनुक चालू करते. पण आत धनभार साचला तर पुढचे कॅल्शियम अडते. म्हणून पोटॅशियम बाहेर पडावे लागते. टी-पेशींतली पोटॅशियमची ही वाट १९८४ साली उजेडात आली. ती बंद केली की निरोप मंदावतो.

हिला आपण ‘आयनवाहिनी’ म्हणतो. रक्तवाहिनी ही नळी, सदा वाहती. ही मात्र उघडते, मिटते, कोणाला सोडायचे ते निवडते. म्हणून मी ‘आयनद्वार’ सुचवतो. (‘आयनदार’ नको, तो जमीनदाराचा भाऊ वाटतो!)

हा केवळ शब्दच्छल नाही. रक्तदाबावरची अॅम्लोडिपिन कॅल्शियमची अशीच द्वारे रोखते. ‘ही गोळी तुमची वाहिनी बंद करते’ असे सांगितले, तर आजोबा ती गोळी घेतील का?