डोळे मिटायचे नाहीत

(वढू बुद्रुक इथल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

आमच्या पडवीत एक लोखंडी दांडा उभा आहे. खाली प्लास्टिकची पोकळ बैठक, तिच्यात वाळू भरलेली. दांड्याला जाड स्प्रिंग आणि टोकाला नारळाएवढा रेक्झिनचा चेंडू. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ह्याच्यावर कपडे वाळत घालायचे का गं?" मी म्हटलं, "नाही काकू, ह्याला ठोसे मारायचे." त्या हसल्या. मग जाता जाता त्यांनीही एक हळूच बुक्की मारली. चेंडू झपकन परत आला, तशा दचकून मागं सरल्या आणि पदर सावरत घरी गेल्या.

हिला रिफ्लेक्स बॅग म्हणतात. बॉक्सिंगच्या सरावाची वस्तू आहे. ती घरात कशी आली आणि तिनं माझं काय केलं, एवढंच आज सांगणार आहे.

माझी थोरली मुलगी अकरावीत असताना बॉक्सिंगचं वेड घेऊन बसली. २०२२ साली स्पेनमध्ये युवा जागतिक स्पर्धा झाली, तिथं आपल्या पुण्याच्या देविका घोरपडेनं ५२ किलो गटात सुवर्णपदक मिळवलं. त्याच्या आदल्या वर्षी नागपूरच्या अल्फिया पठाणनं पोलंडमध्ये असंच सुवर्ण आणलं होतं. दोघी महाराष्ट्राच्या, दोघी हिच्याच वयाच्या आसपासच्या. पण पुण्यात शिकायला जायचं म्हणजे आधी नगर रस्त्यावर यायचं, मग बस, आणि परतताना अंधार. घरातून एकच उत्तर आलं, "काही गरज नाही. नाक मोडून घेतलंस तर करून कोण घेईल?"

हे वाक्य आमच्याच घरातलं आहे असं समजू नका. मणिपूरच्या मेरी कोमनं बॉक्सिंग सुरू केलं ते वडिलांपासून लपवून. २००० साली ती राज्य स्पर्धा जिंकली, वर्तमानपत्रात फोटो आला, तेव्हा त्यांना कळलं. त्यांनाही काळजी हीच, की चेहऱ्याला इजा झाली तर पोरीचं लग्न कसं होईल. तीच मेरी कोम जुळ्या मुलांची आई झाल्यावर २००८ साली पुन्हा जगज्जेती झाली. आणि हे नुसतं गरिबांच्या, खेड्यांतल्या घरांचं नाही. इंग्लंडात हौशी बॉक्सिंगच्या संघटनेनं बायकांवरची बंदी उठवली ती १९९६ साली. ऑलिंपिकमध्ये पुरुष १९०४ पासून पदकासाठी खेळतात, बायकांना तिथं जागा मिळाली २०१२ साली. म्हणजे १०८ वर्षं.

असो. पुण्याला जाता येत नाही, तर पुणं घरी आणू म्हणून मी बचत गटातून साडेतीन हजार रुपये उचलले. वहीत कारण काय लिहायचं यावर आमच्या गटात अर्धा तास चर्चा झाली. एक म्हणाली, घरखर्च लिही. दुसरी म्हणाली, औषधपाणी. शेवटी आम्ही "मुलीचं शिक्षण" असं लिहिलं. तेव्हा वाटलं, आपण थोडं खोटं लिहिलं. आज वाटतं, "मुलीचं आणि आईचं" असं लिहायला हवं होतं.

मुलगी मोबाइलवर बघून आणि कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना विचारून शिकू लागली. डावा पाय पुढे, उजवी टाच जराशी उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांजवळ. हाताला पट्टी बांधायची, अंगठा मुठीच्या आत घ्यायचा नाही, मनगट सरळ ठेवायचं, नाहीतर मुरगळतं. चेंडू चेहऱ्याच्या उंचीवर ठेवायचा. दोन मिनिटं सराव, एक मिनिट विसावा. ह्या चेंडूला जोरात मारण्यात अर्थ नाही. जेवढ्या वेगानं माराल तेवढ्या वेगानं तो तुमच्याच तोंडावर येतो. तेव्हा डोकं बाजूला घ्यायचं, किंवा हातानं अडवायचं, किंवा वेळ साधून पुन्हा मारायचं. ताकदीपेक्षा नजरेचा खेळ आहे हा.

एके रात्री भांडीकुंडी आवरल्यावर मी तिला म्हटलं, मला दे बघू. मी मारलं. चेंडू आला. मी डोळे गच्च मिटले आणि खांदे कानापर्यंत वर गेले. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. दहा वेळा झालं. मुलगी म्हणाली, "आई, डोळे मिटू नको." मी म्हटलं, "आपोआप मिटतात गं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांनी हात उचलला की मिटतेस, तसेच मिटतेस."

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या पुष्कळजणी मला पंधरा वर्षं ओळखतात. मी तुमच्याबरोबर पोलीस चौकीत आले आहे. सासरी मारहाण होणाऱ्या पोरींच्या घरी जाऊन बसले आहे, त्यांच्या नवऱ्यांना चार शब्द सुनावले आहेत. आणि शिबिरात कोणी विचारलं की मी म्हणायची, "आमच्याकडे तसं काही नाही." रोज नव्हतं, हे खरं. दारू नव्हती, हेही खरं. वर्षातून दोनदा, तीनदा. पण तसं होतं. मी तोंडानं लपवलं, ते माझ्या डोळ्यांनी चेंडूपुढं कबूल केलं. आणि जी गोष्ट पोरीपासून झाकली असं समजत होते, ती तिला लहानपणापासून पाठ होती.

तेव्हापासून मी रोज रात्री पंधरा मिनिटं पडवीत उभी राहते. पहिल्या महिन्यात ठोसा शिकलेच नाही. नुसतं एका बोटानं चेंडू ढकलायचा आणि तो येताना बघायचा. डोळे उघडे ठेवून. मग हळूहळू हात गालाशी राहू लागला, पाय मागं जाऊ लागला.

एकदा घरात शेताच्या पैशावरून वाद झाला आणि ह्यांचा हात वर गेला. मी मारलं नाही. मी एक पाऊल मागं गेले, हात वर घेतला आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "पुन्हा हात उचललात, तर मी गटात सांगेन आणि तक्रारही करीन." हात खाली आला. त्याच आठवड्यात मी गटात सांगितलं, कारण न सांगता नुसती धमकी दिली तर तिचं वजन उरत नाही. त्यानंतर हात उठलेला नाही. ते बदलले असं मी म्हणणार नाही. हात थांबला आहे, एवढंच मला माहीत आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. पोरींना बॉक्सिंग शिकवा म्हणजे त्या सुरक्षित होतील, असं मी सांगायला आलेले नाही. बॉक्सिंगमध्येसुद्धा वजनाचे गट असतात. ५२ किलोच्या मुलीसमोर ८० किलोचा माणूस उभा करत नाहीत. मध्ये पंच असतो, तो थांबवतो. घरात वजनाचे गट नसतात आणि पंचही नसतो. म्हणून तर कायदा लागतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणच नाही, तर शिवीगाळ, पैसे अडवून धरणं हीसुद्धा हिंसा मानली आहे. बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. अडचणीच्या वेळी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत. मार खाणाऱ्या बाईला "तू शिकली का नाहीस?" असं कोणी विचारू नये. मारणाऱ्याला विचारावं, "तू मारलंस का?"

मग चेंडूचा उपयोग काय? त्यानं मला लढायला शिकवलं नाही. समोरून येणाऱ्या गोष्टीकडे बघायला शिकवलं. आणि बघितल्याशिवाय बाई बोलत नाही.

आमच्या गावाला शौर्य नवं नाही. इथं संभाजी महाराजांची समाधी आहे, लांबलांबून माणसं डोकं टेकवायला येतात. १६८९ साली महाराजांना मारलं गेलं, त्यानंतर येसूबाईंनी रायगडावर धीरानं निर्णय घेतले आणि पुढे १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत दिवस काढले. आपण त्यांची सहनशीलता फार सांगतो, त्यांचे निर्णय कमी सांगतो. आपल्या लेकींना आपण कोणती गोष्ट सांगणार आहोत, हे ठरवायला पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. येत्या महिला सभेत आपण सगळ्याजणींनी मिळून ठराव मांडू, की गावात मुलींच्या सरावासाठी एक खोली, चांगला दिवा आणि आठवड्यातून दोनदा येणारी प्रशिक्षक हवी. म्हणजे कुणाच्या पोरीला पुण्याहून अंधारात यावं लागणार नाही.

ठराव होईपर्यंत आमची पडवी आहे. रात्री साडेनऊनंतर या. काकू येतातच. परवा त्यांनी सलग सात वेळा चेंडू परतवला, आणि एकदाही डोळे मिटले नाहीत.